वाचकांचे प्रश्न : मुक्त स्रोत फोनयंत्रणा आणि तिचे वेब पॅनल

कार्यालयातील फोनयंत्रणा मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर चालवणाऱ्या वाचकांची पत्रे वाढली आहेत आणि त्यांतील बहुतेक प्रश्न ब्राउझरमधून उघडणाऱ्या व्यवस्थापन पॅनलभोवती फिरतात. त्यांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. ज्या प्रश्नात पैशाचे आणि गोपनीयतेचे मोठे नुकसान होऊ शकते, त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयात सुमारे तीस फोन आहेत आणि जुना एक्स्चेंज आता काढून टाकायचा आहे. एक पुरवठादार अ‍ॅस्टरिस्क बसवून देतो म्हणतो, दुसरा फ्रीपीबीएक्स आणि तिसरा फ्यूजनपीबीएक्स. तिघेही आपले सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स असल्याचे सांगतात. यांत फरक काय आणि निवड कशी करावी?

उत्तर : पहिले दोन पुरवठादार बहुधा एकाच यंत्रणेबद्दल बोलत आहेत. अ‍ॅस्टरिस्क हे प्रत्यक्ष कॉल जोडणारे इंजिन आहे. मार्क स्पेन्सर यांनी ते १९९९ मध्ये तयार केले. त्याची सगळी मांडणी साध्या मजकूर फायलींत असते. कोणत्या फोनला कोणता क्रमांक, आलेला कॉल आधी कोठे वाजवायचा, बाहेरचा कॉल कोणत्या लाइनने सोडायचा, हे सर्व त्या फायलींत ओळीओळीने लिहावे लागते. हे काम रोज हाताने करणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यासाठी २००४ च्या सुमारास अ‍ॅस्टरिस्क मॅनेजमेंट पोर्टल नावाचे वेब पॅनल तयार झाले आणि पुढे त्याचेच फ्रीपीबीएक्स झाले. त्यामुळे फ्रीपीबीएक्स घेतले तरी कॉल जोडणारे इंजिन अ‍ॅस्टरिस्कच असते. फ्यूजनपीबीएक्सच्या खाली मात्र फ्रीस्विच हे वेगळे इंजिन चालते आणि एकाच सर्व्हरवर अनेक संस्थांच्या एकमेकींपासून अलग फोनयंत्रणा सांभाळणे, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

आपली संस्था एकच आहे आणि फोन तीस आहेत, तेव्हा माझा कल फ्रीपीबीएक्सकडे आहे. ते जाणणारी माणसे जास्त सापडतात आणि एक पुरवठादार सोडून गेला तर दुसरा मिळणे तुलनेने सोपे जाते. अनेक ग्राहक संस्थांना फोनसेवा देण्याचा आपला व्यवसाय असता, तर मी फ्यूजनपीबीएक्स सुचवले असते. ‘मोफत’ या दाव्याबाबत एक खुलासा आधीच मागून घ्यावा. फ्रीपीबीएक्सचा गाभा मुक्त आहे, परंतु टेबलावरच्या फोनची मांडणी एका जागेवरून पाठवणाऱ्या एंडपॉइंट मॅनेजरसारखी काही मॉड्यूल्स व्यापारी परवान्याची आहेत. आपल्याला दाखवलेल्या प्रात्यक्षिकात अशी कोणती मॉड्यूल्स वापरली होती, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

पॅनल कोणाच्या हातात आहे हेही पाहावे लागते. इलास्टिक्स हे अ‍ॅस्टरिस्कवर आधारलेले एके काळी फार लोकप्रिय असलेले पॅनल होते. डिसेंबर २०१६ मध्ये ते थ्रीसीएक्स या कंपनीकडे गेले आणि त्याची पुढची आवृत्ती थ्रीसीएक्सच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर आली. ज्यांना मुक्त मार्गावरच राहायचे होते, त्यांच्यासाठी जुन्या इलास्टिक्सच्या संहितेतून इसाबेल हा प्रकल्प उभा राहिला. संहिता मुक्त होती म्हणूनच तो उभा राहू शकला, हे खरे. पण ज्यांच्या कार्यालयात रोज फोन वाजत होते त्यांना त्या काळात स्थलांतराचा भार सोसावाच लागला.

प्रश्न : एका विशिष्ट ग्राहकाचा कॉल थेट व्यवस्थापकांकडे जावा म्हणून मी सर्व्हरवरील डायलप्लॅनच्या, म्हणजे कोणता कॉल कोठे न्यायचा हे सांगणाऱ्या नियमांच्या, फायलीत चार ओळी लिहिल्या. त्या व्यवस्थित चालल्या. काही दिवसांनी सहकाऱ्याने पॅनलमधून एक नवे एक्स्टेंशन (आतल्या फोनचा क्रमांक) जोडले आणि माझ्या ओळी नाहीशा झाल्या. त्याने त्या फायलीला हातही लावलेला नाही. मग असे का व्हावे?

उत्तर : आपल्या सहकाऱ्याने फायलीला हात लावला नाही, पण पॅनलने ती फाईल नव्याने लिहिली. फ्रीपीबीएक्समध्ये आपण जे भरतो ते आधी डेटाबेसमध्ये जाते. तेथे ते नुसते साठून राहते; चालू असलेल्या अ‍ॅस्टरिस्कला त्याची काहीच खबर नसते. पडद्यावर वरच्या बाजूला ‘अप्लाय कॉन्फिग’ हे तांबडे बटण दिसू लागते, ते यासाठीच. ते दाबले की पॅनल डेटाबेसमधील सर्व माहिती वाचून मांडणीच्या फायली पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा तयार करते आणि त्या वाचून घेण्याची सूचना अ‍ॅस्टरिस्कला देते. बदल एका एक्स्टेंशनचा असला तरी फाईल संपूर्ण नवी होते. त्यामुळे डेटाबेसमध्ये ज्याची नोंद नाही ते त्या क्षणी पुसले जाते. अशा फायलींच्या माथ्यावर ‘ही फाईल आपोआप तयार होते, हाताने बदलू नये’ अशी ताकीद इंग्रजीत लिहिलेली असते.

हाताने लिहायच्या ओळींसाठी वेगळी जागा राखलेली आहे. ज्या फायलींच्या नावात ‘कस्टम’ हा शब्द असतो त्यांना पॅनल हात लावत नाही आणि तयार होणाऱ्या डायलप्लॅनमध्ये त्यांतील ठरावीक नावांचे विभाग, उदाहरणार्थ ‘फ्रॉम-इंटर्नल-कस्टम’, आपोआप जोडून घेतले जातात. आपल्या चार ओळी तेथे हलवा. त्यानंतर अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर ‘डायलप्लॅन शो’ ही आज्ञा त्या विभागाच्या नावासह द्या आणि ओळी खरोखर वाचल्या गेल्या आहेत याची खात्री करा. फ्यूजनपीबीएक्समध्येही डायलप्लॅन डेटाबेसमध्येच राहतो आणि फ्रीस्विचला तेथून पुरवला जातो; तेव्हा डिस्कवरील फाईल बदलून परिणामाची वाट पाहण्यात तेथेही अर्थ नाही.

आपल्या विशिष्ट गरजेसाठी मात्र हाताने काही लिहिण्याची आवश्यकताच नाही. पॅनलमधील इनबाउंड रूटमध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्या कॉलच्या नियमात, डायल झालेल्या क्रमांकाबरोबर कॉल करणाऱ्याचा क्रमांकही भरता येतो. त्या ग्राहकाच्या क्रमांकाचा एक स्वतंत्र रूट करून त्याचा मुक्काम व्यवस्थापकांच्या एक्स्टेंशनवर ठेवा. पॅनलमधून होण्यासारखे काम पॅनलमधूनच करावे, असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्यानंतर ही यंत्रणा सांभाळणारी व्यक्ती पहिल्यांदा तेथेच पाहील.

प्रश्न : मी दोन शाखांची फोनयंत्रणा सांभाळतो आणि बराच वेळ कार्यालयाबाहेर असतो. पॅनल कोठूनही उघडता यावे म्हणून त्याचा पत्ता इंटरनेटवर खुला ठेवला आहे. पासवर्ड वीस अक्षरांचा आहे आणि जोडणी एचटीटीपीएस आहे. एवढी काळजी पुरेशी आहे ना?

उत्तर : पुरेशी नाही, आणि हे उत्तर मी शक्य तितक्या आग्रहाने देत आहे. चांगला पासवर्ड हा पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करणाऱ्याला अडवतो. लॉगिनच्या पडद्याला वळसा घालून आत शिरणाऱ्याला तो अडवू शकत नाही आणि फ्रीपीबीएक्सच्या बाबतीत असा वळसा एकाहून अधिक वेळा सापडलेला आहे. २०१९ मध्ये एक त्रुटी उघड झाली; सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१९-१९००६ आहे. तिच्यामुळे पासवर्ड न देता प्रशासकाचे अधिकार मिळत होते आणि फोनयंत्रणा फोडणाऱ्या टोळ्यांनी तिचा पद्धतशीर वापर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याहून गंभीर घटना घडली. एंडपॉइंट मॅनेजर मॉड्यूलमध्ये बाहेरून आलेली माहिती नीट न तपासता डेटाबेसपर्यंत पोहोचत होती आणि तिच्या आधारे लॉगिन न करताच डेटाबेसमध्ये फेरफार करून पुढे सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या. सीव्हीई-२०२५-५७८१९ असा तिचा क्रमांक असून तिला गंभीरतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले. आवृत्ती १५, १६ आणि १७ या तिन्हींना तिची झळ बसली. दुरुस्ती उपलब्ध होण्यापूर्वीच, २१ ऑगस्टपासून किंवा त्याच्याही आधीपासून, हल्ले सुरू झाले होते. म्हणजे जो प्रशासक रोज नेमाने अपडेट करत होता, त्याचेही पॅनल इंटरनेटवर खुले असेल तर ते सुरक्षित नव्हते. ज्यांचे पॅनल बाहेरून दिसतच नव्हते, त्यांना या मार्गाने गाठणे इंटरनेटवरच्या अनोळखी हल्लेखोराला शक्य नव्हते.

म्हणून पॅनलपर्यंत पोहोचण्याचा मार्ग व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी वाटेनेच, ठेवावा. आधी व्हीपीएनने कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये यावे आणि तेथून पॅनल उघडावे. ते जमत नसेल तर फायरवॉलमध्ये आपल्या ठरलेल्या स्थिर आयपी पत्त्यांनाच परवानगी द्यावी. हीच शिस्त अ‍ॅस्टरिस्कच्या मॅनेजर इंटरफेसला, म्हणजे पोर्ट ५०३८ लाही लावावी; पॅनल आणि इतर प्रोग्राम अ‍ॅस्टरिस्कशी बोलतात ते त्या दाराने, आणि त्याचे बाहेरच्या जगाशी काहीच काम नसते.

आत शिरलेल्या माणसाला फोनयंत्रणेतून काय मिळते, हे कळले की या आग्रहाचे कारण पटेल. जगात काही क्रमांक असे असतात की त्यांवर आलेल्या प्रत्येक मिनिटाचा काही हिस्सा क्रमांक चालवणाऱ्याला मिळतो. हल्लेखोर आपल्या लाइनवरून अशा क्रमांकांना एकाच वेळी अनेक कॉल लावतो. हे सहसा रात्री किंवा सुट्टीला जोडून होते, कारण तेव्हा पाहणारे कोणी नसते. सोमवारी सकाळी कार्यालय उघडते तेव्हा फोन व्यवस्थित वाजत असतात, कोणाची काही तक्रार नसते आणि नुकसान थेट पुढच्या बिलात दिसते. त्याशिवाय ध्वनिमुद्रित संभाषणे आणि व्हॉइसमेल त्याच सर्व्हरवर असतात, त्यांचे मोल तर बिलातही दिसत नाही.

या नुकसानीला मर्यादा घालण्याचे काम आउटबाउंड रूटमध्ये करता येते. पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या कॉलसाठी एकच रूट असतो आणि त्याच्या डायल पॅटर्नमध्ये फक्त एक टिंब असते. टिंबाचा अर्थ ‘एक किंवा अधिक काहीही अंक’ असा असल्याने तो रूट जगातील कोणत्याही क्रमांकाला वाट करून देतो. त्याऐवजी आपण ज्या लांबीचे आणि ज्या सुरुवातीचे क्रमांक खरोखर लावता तेवढेच पॅटर्न लिहावेत. त्यांत एक्स म्हणजे ० ते ९, झेड म्हणजे १ ते ९ आणि एन म्हणजे २ ते ९. परदेशी कॉलचा रूट वेगळा काढून त्याला पिन लावावी, आणि परदेशी कॉल लागतच नसतील तर तो रूट ठेवूच नये. लाइन पुरवणाऱ्या कंपनीकडूनही परदेशी कॉल बंद करून घ्यावेत किंवा रोजच्या खर्चाची कमाल मर्यादा लावून घ्यावी. हा शेवटचा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण संपूर्ण सर्व्हर हल्लेखोराच्या ताब्यात गेला आणि त्याने आपले सर्व रूट बदलले तरी ती मर्यादा त्याच्या हातात येत नाही.

आपले पॅनल ऑगस्ट २०२५ मध्ये खुले होते, असे आपल्या पत्रावरून दिसते. तेव्हा आधी एंडपॉइंट मॉड्यूलची आवृत्ती तपासा. १५ च्या मालिकेत १५.०.६६, १६ मध्ये १६.०.८९ आणि १७ मध्ये १७.०.३ किंवा त्यापुढची हवी. त्यानंतर फ्रीपीबीएक्सची मुख्य मांडणी फाईल नाहीशी झालेली किंवा बदललेली आहे का, वेब फोल्डरमध्ये ‘क्लीन’ नावाची एक लपवलेली स्क्रिप्ट आहे का, कॉलच्या नोंदींत ९९९८ या एक्स्टेंशनला लावलेले अनपेक्षित कॉल आहेत का आणि प्रशासकांच्या यादीत अनोळखी नाव आहे का, हे पाहा. यांतील एकही खूण आढळली तर त्या सर्व्हरची साफसफाई करत बसू नका. नवा सर्व्हर उभारा, २१ ऑगस्ट २०२५ पूर्वीचा बॅकअप त्यावर आणा, आणि प्रशासक, एक्स्टेंशन, ट्रंक (बाहेरच्या लाइनची जोडणी) व व्हॉइसमेल यांचे सर्व पासवर्ड बदला. अपडेट केल्याने दार बंद होते. आधीच आत येऊन बसलेला मनुष्य त्यामुळे बाहेर जात नाही.

प्रश्न : पॅनलमध्ये सर्व फोन हिरवे दिसतात. कार्यालयातल्या कार्यालयात बोलणे उत्तम होते. घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याला मात्र आमचा आवाज येत नाही, त्याचा आम्हाला येतो. कधी कधी कॉल अर्ध्या मिनिटाने आपोआप तुटतो. पॅनलमध्ये कोणते बटण चुकले असेल?

उत्तर : हिरवी खूण फक्त एवढेच सांगते की त्या फोनने सर्व्हरवर नोंदणी केली आहे. नोंदणी आणि कॉल जोडण्याचे निरोप एसआयपी या संकेतपद्धतीने, बहुधा पोर्ट ५०६० वरून जातात; आवाज मात्र आरटीपी या आवाज वाहून नेणाऱ्या पद्धतीच्या स्वतंत्र प्रवाहाने, नेहमीच्या मांडणीत १०००० ते २०००० यांमधील यूडीपी पोर्टवरून जातो. कॉल जोडताना दोन्ही बाजू ‘माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर पाठवा’ असे एकमेकींना कळवतात. राउटरच्या मागे असलेला सर्व्हर किंवा फोन या निरोपात आपला खासगी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८ ने सुरू होणारा, लिहून मोकळा होतो आणि तो पत्ता बाहेरून गाठता येत नाही. आवाज एका दिशेने जातो आणि दुसऱ्या दिशेने हरवतो, तो येथेच. अर्ध्या मिनिटाने तुटणारा कॉलही याच कुळातला आहे: फोन उचलल्याची पोच दुसऱ्या बाजूकडून ३२ सेकंदांत परत आली नाही तर एसआयपीच्या नियमाप्रमाणे कॉल बंद केला जातो.

‘अ‍ॅस्टरिस्क एसआयपी सेटिंग्ज’ या पानावर आपला बाहेरचा आयपी पत्ता आणि आतल्या नेटवर्कची यादी बरोबर भरली आहे का, ते पाहा. कार्यालयात दोन नेटवर्क असतील तर दोन्ही त्या यादीत हवीत. ही माहिती बदलल्यावर तांबडे बटण दाबणे पुरत नाही, अ‍ॅस्टरिस्क पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. अनेकांची दुरुस्ती बरोबर असूनही लागू पडत नाही ती यामुळे. दोन्हीकडच्या राउटरमधील, एसआयपीचे निरोप वाटेत बदलणारी ‘एसआयपी एएलजी’ ही सोय बंद ठेवा. मग सहकाऱ्याला *४३ लावायला सांगा. या इको चाचणीत त्याचा आवाज त्याला परत ऐकू आला, तर त्याच्या आणि सर्व्हरच्या मधली वाट दोन्ही दिशांनी मोकळी झाली असे समजावे. सर्व्हरला व्हीपीएनमधून जोडता येणारा फोन त्याच्याकडे असेल, तर तो मार्ग मला या सर्वांहून अधिक पसंत आहे.

प्रश्न : स्वागतकक्षातील सहकारी सुट्टीच्या दिवशी ‘आज कार्यालय बंद आहे’ हा संदेश सुरू करतात. त्यासाठी त्यांना प्रशासकाचा पासवर्ड दिला आहे. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि त्यासाठी त्यांना पॅनलची गरजच नाही. ‘कॉल फ्लो कंट्रोल’ मॉड्यूलमध्ये एक कळ तयार करा; तिचा एक मुक्काम नेहमीचा आणि दुसरा बंदच्या संदेशाचा ठेवा. त्या कळीचा क्रमांक ० असेल तर कोणत्याही आतल्या फोनवरून *२८० लावले की स्थिती बदलते. तिला पासवर्ड देता येतो आणि टेबलावरच्या फोनच्या एखाद्या बटणावर बसवली तर दिव्यावरून स्थितीही कळते. प्रशासकाचा पासवर्ड आजच बदला. उद्या एखाद्या सहकाऱ्याला पॅनलचे काही भाग द्यायचेच झाले, तर त्यांच्या नावाचे स्वतंत्र खाते काढून मोजकी मॉड्यूल्स द्या, पण ते अधिकार पानापुरते असतात हे ध्यानात ठेवा: ज्याला एखादे पान उघडता येते त्याला त्या पानावरचे सर्व काही बदलता येते.

प्रश्न : आमची फ्रीपीबीएक्स १६ यंत्रणा कित्येक वर्षे विनातक्रार चालू आहे. चालू यंत्रणेला हात लावू नये, असे आमच्या वरिष्ठांचे मत आहे. आवृत्ती १७ वर जाणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : वरिष्ठांची भीती मी समजू शकतो, पण त्यांचे मत स्वीकारू शकत नाही. आपली यंत्रणा तयार प्रतिमेवरून (प्रणालीसकट एकत्र मिळणाऱ्या संचावरून) बसवलेली असेल, तर तिच्या खाली सेंटओएस ७ वर बेतलेली प्रणाली आहे आणि सेंटओएस ७ चे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ रोजी थांबले. २०२४ मध्ये आलेली आवृत्ती १७ डेबियन १२ या वेगळ्याच प्रणालीवर चालते, त्यामुळे जागच्या जागी बढती देता येत नाही. वेगळा सर्व्हर उभारून त्यावर बॅकअप आणावा लागतो. आपल्या वरिष्ठांना हीच गोष्ट दिलासा देईल, कारण नवी यंत्रणा पूर्ण तपासून होईपर्यंत जुनीला धक्का लागत नाही.

खरे काम एसआयपीच्या जुन्या ड्रायव्हरचे आहे. ‘चॅन-एसआयपी’ हा ड्रायव्हर अ‍ॅस्टरिस्कच्या २१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, काढून टाकलेला आहे. आपली एक्स्टेंशन्स आणि ट्रंक त्यावर असतील तर ती जुन्या सर्व्हरवरच थोडी थोडी करून ‘पीजेएसआयपी’ या नव्या ड्रायव्हरवर न्यावीत. एक्स्टेंशनच्या पानावर ड्रायव्हर बदलण्याची सोय आहे. बदल करताना पोर्टकडे लक्ष द्या. अनेक ठिकाणी जुना ड्रायव्हर ५१६० वर आणि नवा ५०६० वर ऐकत असतो, आणि फोनमध्ये जुने पोर्ट तसेच राहिले तर तो नोंदणीच करत नाही. आधी दोन-तीन कमी महत्त्वाचे फोन बदला, आठवडाभर वापरून पाहा, मग उरलेले घ्या. हाताने लिहिलेल्या कस्टम फायली आणि स्वतः मुद्रित केलेले संदेश बॅकअपमध्ये आले आहेत का, हे नव्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उघडून आणि ऐकून पाहा. बॅकअप यशस्वी झाल्याच्या ईमेलवर विसंबू नका.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी जुन्या सर्व्हरवरील ट्रंक आधी बंद करा. एकच ट्रंक दोन्ही सर्व्हरवरून नोंदणी करत राहिला, तर बाहेरून येणारे कॉल कधी इकडे तर कधी तिकडे जातात आणि दोष शोधणे अवघड होते. त्यानंतर आतला, बाहेरचा, बाहेरून आलेला, व्हॉइसमेलला गेलेला आणि कार्यालय बंद असताना आलेला असा प्रत्येक प्रकारचा कॉल स्वतः करून पाहा. आणीबाणीच्या क्रमांकाचा रूट आणि त्यासोबत जाणारा आपला क्रमांक बरोबर आहे का, याची खात्री लाइन पुरवणाऱ्या कंपनीशी आधी बोलून करून घ्या. जुना सर्व्हर महिनाभर बंद अवस्थेत जपून ठेवा, आणि काही पाहण्यासाठी तो सुरू करावा लागलाच तर आधी त्याची नेटवर्कची वायर काढा.